कडुलिंबाच्या बुंध्यावरची नोटीस

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर आमच्या कडुलिंबाच्या बुंध्यावर पालिकेचा कागद चिकटवलेला. सोसायटीला पार्किंगसाठी झाड तोडायचं होतं. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवा. झाड नुकतंच कोवळ्या पालवीनं भरलं होतं. पोटात गोळाच आला.

विदर्भातला मे म्हणजे पारा 45 च्या आसपास. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत धग सोडत राहते. आमच्या भिंतीवर तीननंतर कडुलिंबाची सावली असते. शेजारच्या विंगचं झाड दोन वर्षांपूर्वी वादळात पडलं. तिथल्या काकूंच्या, अगदी आमच्यासारख्याच खोलीत रात्री नऊला भिंतीवर तळहात टेकवला, तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब. त्याच उन्हाळ्यात त्यांना एसी घ्यावा लागला.

हरकतीत मी हेच लिहिलं. कूलर वाळ्याच्या ताट्या भिजवून जे करतो, तेच झाड पानांतून करतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून साधारण 0.68 युनिट विजेएवढी उष्णता खेचली जाते, आणि त्यासाठी मीटर फिरत नाही. सोबत फोटो आणि छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर जोडला. नोटिशीचा क्रमांक लिहायचा राहिला म्हणून पहिला अर्ज परत आला. पाचव्या दिवशी पुन्हा दिला आणि पोच घेतली. पोच घ्याच, पुढे प्रत्येक ठिकाणी तीच विचारतात.

खरी कलाटणी मिळाली सोसायटीच्या बैठकीत. राज्याच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये बदल झाला. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. इमारत झाली त्या वर्षी लावलेला हा कडुलिंब, म्हणजे तीस वर्षांचा. तीस रोपं लावणार कुठे? सेक्रेटरी काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, गाड्या तिरक्या लावून बघू."

पाहणीला पालिकेचे अधिकारी आले तोवर सोसायटीनं झाड तोडायचा अर्ज मागे घेतला होता. तारांवर आलेली एक फांदी तेवढी छाटायला परवानगी मिळाली.

बुंध्याला भिडलेलं सिमेंट आम्ही फोडून घेतलं, मोठं आळं केलं. काकूंच्या विंगच्या पश्चिमेला करंजाची दोन रोपं लावायची आहेत. खड्डे खणून झालेत, पावसाची वाट बघतोय.