टॉवेल रेल तापायची, पण फक्त कोणी आंघोळीला गेलं की

परवा एका घरी गेलो होतो, तक्रार एकदम साधी, बाथरूममधली टॉवेल रेल, म्हणजे टॉवेल वाळवायची, आत गरम पाणी फिरून तापणारी नळ्यांची जाळी, गरम होत नाही, बाकी सगळ्या खोल्यांतले, बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणारे रेडिएटर मात्र चटका बसेल इतके तापतात. हीटिंगचं काम करणाऱ्या कोणाच्याही डोक्यात आधी हवाच येते, वरच्या टोकाला हवा अडकली असणार, ब्लीड केलं, म्हणजे वरचा छोटा व्हॉल्व्ह चावीने उघडून हवा सोडली, की झालं. काकू दारातच म्हणाल्या, "अहो दादा, आधी दोघं जण येऊन हवा काढून गेलेत, फरक शून्य. कोणी आंघोळीला गेलं की तेवढ्यापुरती कोमट होते फक्त." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंच नाही, आणि त्यातच सगळं उत्तर होतं.

ब्लीडची चावी लावली, खाली फडकं धरलं. हवा असेल तर आधी फुसफुस आवाज येतो, इथे थेट पाण्याची चिळकांडी, आणि तीही चांगल्या जोरात. पाण्याचा रंग बघून मी थांबलो. हीटिंगच्या बंद सर्किटमधलं, म्हणजे बॉयलर आणि रेडिएटरांतून तेच तेच फिरणारं, जुनं पाणी काळसर असतं, कारण त्यात ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो आणि लोखंडाचा काळा गाळ होतो, हात काजळीत घातल्यासारखे होतात. इथे फडक्यावर डाग पडला तो लाल, गेरूसारखा. लाल गंज म्हणजे ताजी हवा खाल्लेलं पाणी. हे पाणी इथं आलंच कसं?

बरोबरच्या पोराला बॉयलरपाशी उभं केलं, गेजवर, म्हणजे हीटिंगच्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर, नजर ठेव म्हटलं. मी इकडे व्हॉल्व्ह उघडा ठेवून बादलीत पाणी सोडलं. "किती?" "1.3 बार." अर्धी बादली भरली. "आता?" "1.3 च आहे दादा, काटा हललापण नाही." अशा सील्ड, म्हणजे बंद सिस्टीममधून एवढं पाणी काढलं तर प्रेशर धाडकन खाली यायला पाहिजे. म्हणजे रेलमधलं पाणी हीटिंगचं नव्हतंच.

मग रेलच्या खालचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि बेसिनचा गरम पाण्याचा नळ सोडला. एक थेंब नाही. व्हॉल्व्ह उघडले, नळ सुरू, आणि आधी गढूळ लालसर पाणी. काकू बघतच राहिल्या, म्हणाल्या, "रोज सकाळी असंच येतं, आम्हाला वाटलं टाकीचा गाळ आहे, नातवाला याच पाण्यानं आंघोळ घालतो आम्ही."

झालं असं होतं की आधीच्या माणसानं रेल हीटिंगच्या फ्लो आणि रिटर्नला, म्हणजे बॉयलरकडून गरम पाणी आणणाऱ्या आणि ते परत नेणाऱ्या पाइपांना, जोडलीच नव्हती. ते पाइप खोलीच्या पलीकडच्या बाजूला, लाकडी फळ्यांखाली होते, आणि बेसिन आणि आंघोळीच्या नळाकडे जाणारा गरम पाण्याचा पाइप भिंतीत अगदी हाताशी, म्हणून त्यानं तोच कापून मध्ये रेल घुसवली. दिसायला सुंदर, क्रोम चकचकीत, जॉइंट एक थेंबही गळत नव्हते. पण आतून रेल साध्या लोखंडाची. बंद सर्किटमध्ये तेच पाणी फिरत राहतं, त्यातला ऑक्सिजन एकदा संपला आणि इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं औषध, घातलं की अशी रेल वर्षानुवर्षं टिकते. नळाच्या लाइनवर मात्र प्रत्येक वेळी ताजं पाणी, ताजा ऑक्सिजन, म्हणजे गंजाला रोजचा खुराक. वर नळ बंद असताना पाणी तिथेच तासन्‌तास कोमट साचून राहतं, जंतू वाढायला अगदी सोयीचं तापमान. खरंच नळाच्या गरम पाण्यावरच रेल घ्यायची असेल तर ती पितळी किंवा स्टेनलेसची हवी आणि पाणी पंपाने सतत फिरतं हवं, मध्येच कापून जोडायची नाही. मला राग आला, आणि तो लपवावासा वाटला नाही, कारण घरातलं लहान मूल त्या पाण्यात बसत होतं.

पुढचं काम ओळखीचंच. भिंतीतला तुकडा काढून नळाची लाइन सरळ तांब्याच्या पाइपने जोडली आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून ठेवलं. सिस्टीम रिकामी केली, फळ्या उचलल्या, जवळच्या रेडिएटरच्या फ्लोवर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि रिटर्नवर एक टी, तिथून 15 मिमीचे दोन पाइप बाथरूमपर्यंत. इथे एक गोष्ट मी दोनदा तपासतोच, हीटिंग चालू करून दोन्ही पाइपांना हात लावून, आधी कोणता तापतो आणि नंतर कोणता ते बघतो आणि मगच टी कापतो, कारण चुकून दोन्ही टोकं फ्लोवरच गेली तर दोन्हीकडे दाब सारखा, पाणी फिरणारच नाही आणि रेल थंडच राहील. एका बाजूला साधा व्हॉल्व्ह, दुसरीकडे लॉकशील्ड, म्हणजे किती पाणी जाऊ द्यायचं ते एकदा ठरवून ठेवायचा व्हॉल्व्ह. खोली तापली की आपोआप बंद होणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मी तिथे मुद्दाम लावला नाही, बाकी सगळ्या रेडिएटरांना ते आहेत, ते सगळे एकदम बंद झाले तर पंपाला पाणी फिरवायला एक वाट मोकळी पाहिजे.

रेल नवीच लावली. जुनी बाहेर नेऊन करवतीने कापली, पोराला दाखवायला. खालच्या नळीत गंजाचे फोड एकमेकांना टेकलेले, मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं, आणि एका फोडाखाली पत्रा इतका पातळ की नख दाबलं तर आत गेलं. अजून थोडे दिवस गेले असते तर नळाच्या पूर्ण दाबाने बाथरूम भरलं असतं.

इनहिबिटर घातलं, पाणी भरलं, 1.3 वर आणलं, हवा काढली, या वेळी फुसफुस नीट ऐकू आली आणि काटा थोडा खाली आला, तेवढंच बघायचं होतं मला. परत भरून लॉकशील्ड अर्ध्या आट्यावर सेट केला, कारण रेल पंपाच्या जवळ आहे, मोकळी सोडली तर लांबच्या खोलीतलं पाणी तीच ओढून घेते.

थोड्याच वेळात खालच्या आडव्या नळीपासून वरच्यापर्यंत ऊब चढली, कोणीही आंघोळीला गेलेलं नसताना. काकूंनी रेलला हात लावला, काही बोलल्या नाहीत. नंतर पांढरा मग घेऊन बेसिनचा गरम नळ सोडला, तो भरला आणि खिडकीपाशी उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत उभ्या राहिल्या.