बोलक्या पुस्तकालाही पाने हवीत

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात येणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही काही जण पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतो. काम मनापासून होते, पण बहुतेक वेळा ते फुकट जाते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ती फाइल परीक्षा झाली की त्या फोनबरोबरच हरवते आणि पुढच्या वर्षी तेच पुस्तक दुसरा कोणीतरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तीन तासांच्या सलग ध्वनिफितीत पाचव्या प्रकरणातील एक तक्ता शोधायचा झाला, तर विद्यार्थी बोट सरकवत राहतो आणि दर वेळी भलत्याच ठिकाणी पोहोचतो. ध्वनिमुद्रणाला प्रकरणांच्या आणि पानांच्या खुणा जोडणाऱ्या ‘डेझी’ या डिजिटल पद्धतीच्या पुस्तकात मात्र प्रकरण, उपशीर्षक किंवा पान क्रमांक गाठून थेट हव्या त्या जागी जाता येते आणि तिथे खूणही ठेवता येते. त्यासाठी वाचणाऱ्याने शिस्त पाळावी लागते: पान बदलले की क्रमांक उच्चारायचा, तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सांगायचे, नकाशाचे वर्णन करायचे, आणि तक्ता वाचताना प्रत्येक ओळीत रकान्याचे नाव पुन्हा घ्यायचे. नुसते ‘१९०९, १९१९, १९३५’ असे वाचले, तर कोणत्या सालाला कोणता कायदा झाला हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे?

संगणकाकडून वाचून घेता येत नाही का, असे अनेक जण विचारतात. येते, आणि जिथे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत आहे, तिथे ते जरूर करावे. परंतु कितीतरी मराठी पुस्तके जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्यांच्या फाइलमधून वाचक-प्रणालीला निरर्थक अक्षरे मिळतात, आणि छापील पान स्कॅन केले तर जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात. त्यामुळे माणसाच्या आवाजाची गरज अजून संपलेली नाही.

कायद्याची आडकाठी नाही, हे पुरेसे लोकांना ठाऊक नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी त्याची सुलभ (ध्वनिमुद्रित, ब्रेल अशी) आवृत्ती ना-नफा तत्त्वावर करता येते, आणि असे करू शकणाऱ्या संस्थांमध्ये शासनमान्य ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. दृष्टिहीनांसाठी अशा आवृत्त्या करण्याची आणि देशोदेशी पाठवण्याची मुभा देणाऱ्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयामुळे अशा आवृत्त्या एकत्र ठेवण्याची सोयही झाली आहे. एका शहरात नीट वाचलेले पुस्तक दुसऱ्या शहरात पुन्हा वाचावे लागू नये, एवढ्यासाठी तरी पुण्यातील ग्रंथालयांनी या व्यवस्थेशी जोडून घ्यावे, असे मला कळकळीने वाटते.

सुरुवात मात्र परीक्षेच्या पुस्तकांपासून नको. त्यांच्यासाठी कोणी ना कोणी धावून येते. काचबिंदूमुळे किंवा मधुमेहामुळे उतारवयात दृष्टी गेलेल्या, ब्रेल कधीच न शिकलेल्या माणसाला कादंबरी, आत्मचरित्र, दिवाळी अंक कोण वाचून दाखवणार? आयुष्यभर वर्गणी भरलेले असे सभासद एके दिवशी पुस्तक बदलायला यायचे थांबतात. त्यांची नावे ग्रंथालयाच्या नोंदवहीतच आहेत. त्यांना एक फोन करून काय ऐकायला आवडेल ते विचारावे आणि ध्वनिमुद्रणाची यादी तिथून तयार करावी.