३०० मार्क जीव घेतल्याचे, १२ फेनिग टपालाचे

रविवार, रात्र

तुरुंगात ठेवल्याचे दिवसाला दीड मार्क, जीव घेतल्याचे ३०० मार्क, आणि हे बिल पोस्टानं पाठवायला जे तिकीट लागलं त्याचे १२ फेनिग (मार्क-फेनिग म्हणजे जर्मनीतले तेव्हाचे रुपये-पैसे). आणि हे सगळं भरायचं कोणी, तर ज्याला मारलं त्याच्या घरच्यांनी. काल बर्लिनमधल्या प्लॉट्झेनझेला, नाझींच्या काळात जिथे मृत्युदंड दिले जायचे त्या तुरुंगाच्या स्मारकाला, जाऊन आले तेव्हापासून हा हिशोब डोक्यातनं जातच नाहीये, म्हणून लिहून काढते, नाहीतर आजही झोप लागायची नाही.

एल्फ्रीडे शोल्ट्स म्हणून एक बाई होती, ड्रेस्डेनला बायकांचे कपडे शिवायची. कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या ओळखीतल्या बाईसमोर बोलली की युद्ध आपण हरलोय, पोरं उगाच मरतायत, वगैरे. आपल्या घराघरात लोक सरकारबद्दल बोलतात तेवढंच बोलली. चुगली झाली, पकडलं, बर्लिनला पीपल्स कोर्टात, म्हणजे नाझींच्या राजकीय खटल्यांच्या कोर्टात, उभं केलं. आता ती एरिख मारिया रेमार्क या युद्धविरोधी लेखकाची सख्खी बहीण, आणि तो तर कधीच देशाबाहेर निघून गेलेला. न्यायाधीश फ्राइस्लर तिला म्हणाला म्हणतात की तुझा भाऊ निसटला आमच्या हातून, तू निसटणार नाहीस. १६ डिसेंबर १९४३ ला प्लॉट्झेनझेत तिचं मुंडकं उडवलं. आणि नंतर तिच्या बहिणीच्या, एर्नाच्या नावावर बिल आलं, ४९५ मार्क ८० फेनिग.

कोणीतरी टेबलावर बसून ती बेरीज केली असणार ना. दिवस मोजले, दीडनं गुणलं, ३०० मिळवले, टपालखर्च विसरायला नको म्हणून तोही धरला, खाली सही शिक्का. मला फ्राइस्लरपेक्षा या क्लार्कचा जास्त विचार येतोय. फ्राइस्लर ओरडायचा, खुर्चीतून आरोपींचा अपमान करायचा, त्याचं शूटिंग आहे, तो राक्षस म्हणून लगेच ओळखू येतो. पण हा बेरीज करणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल, पोरांचा अभ्यास घेतला असेल.

जागा आहे शहराच्या उत्तरेकडे, कॅनॉलजवळ. बसमधून उतरलं की आजूबाजूला लोकांनी भाड्यानं घेतलेल्या छोट्या छोट्या बागा, कोणी टोमॅटोला पाणी घालतंय, कोणी कुंपण रंगवतंय, आणि त्यांच्याच शेजारी विटांचा जुना तुरुंग. तो अजूनही चालू आहे, आत कैदी आहेत. स्मारक म्हणजे त्यातली बाजूला काढलेली शेड. समोर दगडी भिंत बांधलीये, १९५२ मध्ये, तिच्यावर १९३३ ते १९४५ या वर्षांतल्या हिटलरच्या हुकूमशाहीच्या बळींना एवढंच कोरलंय, आणि आत दोन खोल्या, एकीत कागदपत्रं, दुसरी रिकामी. रिकामी म्हणजे फक्त वर एक लोखंडी तुळई आणि तिला हुक. मी त्या खोलीत फार वेळ थांबू शकले नाही, खरं सांगायचं तर तुळईकडे एकदाच नीट बघितलं आणि मग कागदांच्या खोलीत गेले.

१८९० ते १९३२, म्हणजे बेचाळीस वर्षांत, या तुरुंगात ३६ जणांना मृत्युदंड दिला गेला, सगळे खुनाच्या गुन्ह्यातले. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत २८९१. आधी कुऱ्हाड होती, हातात धरून चालवायची साधी कुऱ्हाड, तुरुंगाच्या अंगणात. मग १९३६ मध्ये न्यायमंत्र्यानं सुचवलं आणि हिटलरनं मान्य केलं की आता गिलोटीन वापरायचं, आणि १९३७ च्या फेब्रुवारीत ब्रुख्सालच्या तुरुंगातून ते इकडे आणलं. १९४२ च्या शेवटी ती तुळई बसवली, आठ हुकांची, कारण हार्रो शुल्त्से-बॉयझेन आणि त्याच्या मित्रांचा जो हिटलरविरोधी गट होता, ज्याला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, रोटे कापेले (लाल वाद्यवृंद) म्हटलं, त्यातल्या काहींना फासावरच द्यायचं असं वरून ठरलं होतं. जल्लादाला वर्षाला ३००० मार्क पगार आणि वर प्रत्येक माणसामागे ६० मार्क, पुढे ६५ झाले. म्हणजे दर वाढवून दिला! त्याचाही कुठेतरी अर्ज झाला असेल, मंजुरी झाली असेल.

त्या गटातली एक मुलगी लिआने बेर्कोवित्स. १९४२ च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये सरकारनं एक प्रदर्शन भरवलं होतं, सोव्हिएत स्वर्ग नावाचं, रशिया किती भिकार आहे हे दाखवायला. या पोरांनी रात्रीत भिंतींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, कायमचं प्रदर्शन, नाझी स्वर्ग, युद्ध, उपासमार, खोटेपणा, गेस्टापो, अजून किती दिवस? लिआने १८ वर्षांची होती, तिनं चिकटवायचं काम केलं, बस्स. पकडली तेव्हा पोटुशी होती, एप्रिल १९४३ मध्ये तुरुंगातच मुलगी झाली. ज्या कोर्टानं मृत्युदंड दिला त्याच कोर्टानं दयेची शिफारस केली होती, हिटलरनं ती फेटाळली, आणि ५ ऑगस्ट १९४३ च्या संध्याकाळी तिला मारलं. दोन दिवसांनी तिचा विसावा वाढदिवस होता. बाळ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेलं.

त्याच संध्याकाळी हिल्डे कोप्पी. हिनं काय केलं होतं, तर ती चोरून मॉस्को रेडिओ ऐकायची, त्यावर पकडलेल्या जर्मन सैनिकांची नावं आणि घरचे पत्ते सांगायचे, आणि ही त्या घरांना कळवायची की तुमचा मुलगा जिवंत आहे. सरकारचा प्रचार असा होता की रशियन लोक कैदी घेतच नाहीत, सरळ मारतात. म्हणजे एखादी आई रोज रडत बसलेली आणि तिच्या हातात अचानक असं पत्र पडतं, की आहे तुमचा पोरगा, आहे. हा गुन्हा! हिल्डेचा मुलगा २७ नोव्हेंबर १९४२ ला तुरुंगात जन्मला, बापाचंच नाव ठेवलं, हान्स. बापाला २२ डिसेंबरला त्या नव्या तुळईवर लटकवलं. आईला जिवंत ठेवलं ते बाळाला पाजण्यासाठी, आठ महिने, आणि मग संपवलं. मी कागदांच्या खोलीत खाली बसले हे वाचून. पाजू दिलं याला दया म्हणायचं का काय म्हणायचं मला समजत नाही, पण हे ठरवणाऱ्यांनी फाइलमध्ये तारीख पुढे ढकलल्याची नोंद अगदी नीट केली असणार.

हेल्मुथ ह्युबेनर तर १७ वर्षांचा, हॅम्बुर्गचा, बीबीसी ऐकून पत्रकं टाइप करायचा. २७ ऑक्टोबर १९४२, दुपारी सांगितलं की अर्ज फेटाळला, रात्री मारलं. आणि बर्लिनचे हाम्पेल नवरा-बायको, ओटो कारखान्यात कामाला, एलिझे घरकाम करायची, १९४० मध्ये तिचा भाऊ लढाईत मेला आणि दोघांनी पोस्टकार्डं लिहायला सुरुवात केली, हिटलरविरुद्ध, आणि जिन्यांमध्ये ठेवून यायची. दोनशेच्या वर कार्डं, दोन वर्षं. जवळजवळ सगळी कार्डं ज्यांना सापडली त्यांनी घाबरून पोलिसांना नेऊन दिली. ८ एप्रिल १९४३ ला दोघांनाही मारलं. लोक म्हणतात मग उपयोग काय झाला. मला हा प्रश्नच आवडत नाही. त्यांना खोटं सहन होत नव्हतं, त्यांनी जमेल ते केलं, शिकलेले नव्हते, पार्टी नव्हती, कोणी पाठीशी नव्हतं.

सप्टेंबर १९४३ चं लिहायचं की नाही असा विचार करत होते, पण लिहिते. ३ तारखेच्या रात्री बॉम्ब पडले, तुरुंगाचं नुकसान झालं, गिलोटीन मोडलं, काही कैदी पळाले. मृत्युदंडाचे सुमारे ३०० कैदी आत. तर न्यायखात्यानं काय ठरवलं, की दयेचे अर्ज पटापट निकालात काढा आणि सगळ्यांना फाशी द्या. ७ तारखेला अंधार पडल्यावर सुरू केलं, आठ-आठ जणांना रांगेत उभं करायचे, त्या आठ हुकांवर आठ माणसं, मग पुढचे आठ. एका रात्रीत १८६. १२ तारखेपर्यंत अडीचशेच्या वर. घाईत नावं फोनवरून सांगितली आणि त्यात सहा जण असे मेले ज्यांचा हुकूमच निघाला नव्हता. नियमांवर एवढं प्रेम असलेली व्यवस्था, १२ फेनिग न सोडणारी, आणि सहा माणसं जास्तीची मारली!

त्या रात्री कार्लरोबर्ट क्राइटेन होता, २७ वर्षांचा, पियानिस्ट, क्लाउडिओ आराऊ या नावाजलेल्या पियानिस्टचा शिष्य. आईच्या मैत्रिणीकडे राहून रियाज करायचा, तिच्याशी बोलताना हिटलरला वेडा म्हणाला, युद्ध हरणार म्हणाला. मे महिन्यात हायडेलबेर्गला कार्यक्रमाच्या आधी अटक, ३ सप्टेंबरला शिक्षा, ७ ला फाशी. घरचे अजून दयेच्या अर्जासाठी धावपळ करत होते. आणि दोन आठवड्यांत बर्लिनच्या पेपरात लेख आला, अशा कलाकाराला शिक्षा झाली ते बरोबरच झालं अशा आशयाचा, खाली नाव वेर्नर ह्योफर. हा ह्योफर पुढे पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर दर रविवारी पत्रकारांची चर्चा चालवायचा, वर्षानुवर्षं, घराघरात ओळखीचा चेहरा. तो मजकूर दुसऱ्यांनी घुसवला असं त्याचं म्हणणं होतं. १९८७ मध्ये शेवटी कार्यक्रम सोडावा लागला. क्राइटेनला जाऊन तोवर चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

युलियुस फुचिक, प्रागचा पत्रकार, तोही त्याच दिवसांत, ८ सप्टेंबरला. आपल्याकडे जुन्या डाव्या घरांमधून त्याचं नाव ऐकलेले लोक सापडतील, त्यानं तुरुंगात चिठोऱ्यांवर लिहिलेलं एका पहारेकऱ्यानं बाहेर काढलं आणि ते पुढे हिंदीतही आलं. झेकोस्लोव्हाकियातलेच साडेसहाशेच्या वर लोक मेले इथे. पोलिश, फ्रेंच वेगळे.

आणि एक नाव ज्याच्यापाशी मी भारतातली म्हणून थांबले, आडाम फोन ट्रॉट. सुभाषबाबू १९४१ ते ४३ बर्लिनमध्ये होते तेव्हा जर्मन परराष्ट्रखात्यात भारतासाठी जो वेगळा विभाग केला होता तो हा बघायचा. फ्री इंडिया सेंटर, आझाद हिंद रेडिओ, यांची परवानगी, पैसा, सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. गणपुल्यांसारखी मराठी माणसंही त्या सेंटरमध्ये होती. आणि याच माणसाचा हिटलरला उलथवायच्या कटात हात. २० जुलै १९४४ चा बॉम्ब फसला, ट्रॉटला पकडलं, १५ ऑगस्ट १९४४ ला शिक्षा झाली, २६ ऑगस्टला त्या शेडमध्ये फाशी. पस्तीस वर्षांचा होता. बायकोला तुरुंगात टाकलं, दोन लहान मुली उचलून नेल्या. नेताजींच्या बर्लिनमधल्या दिवसांबद्दल आपण एवढं बोलतो, त्यांच्या कागदांवर सह्या करणाऱ्या या माणसाचं काय झालं हे आपल्याकडे शाळेत कोणी सांगत नाही, आणि मला ते खटकतं. हिटलरशी हात मिळवण्याबद्दल नेताजींवर वाद घालायचा तर जरूर घाला, पण ही गोष्ट त्या वादात यायलाच पाहिजे.

एक चांगला माणूस लिहून ठेवते, हाराल्ड पोएल्खाऊ, तुरुंगाचा पाद्री. सरकारी नोकर. हजारावर माणसांना त्यानं शेवटच्या तासांत सोबत केली. दिवसा हे, आणि त्याच वेळी बायकोबरोबर ज्यूंना लपवायला जागा शोधायचा. हिटलरविरोधी गटातला हेल्मुथ फोन मोल्टके तुरुंगात असताना त्याची आणि बायको फ्रेयाची पत्रं हा खिशातून आत-बाहेर न्यायचा, आणि फ्रेयानं ती मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली. मोल्टकेला २३ जानेवारी १९४५ ला मारलं, पत्रं राहिली. त्या रात्री, १८६ वाल्या, पोएल्खाऊ तिथेच होता. पुढच्या रात्री तो परत कसा गेला असेल.

प्रेतंसुद्धा घरी दिली नाहीत. युनिव्हर्सिटीच्या अॅनाटॉमीत जायची, तिथे प्रोफेसर हेर्मान श्टीवे. भीतीनं बायकांच्या पाळीवर काय परिणाम होतो हा त्याचा विषय, आणि मरणाची तारीख माहीत असलेल्या बायका त्याला आयत्या मिळत होत्या. १९५२ मध्ये मरेपर्यंत तो खुर्चीवर होता. त्याच्या वारसांना त्याच्या सामानात काचेच्या पट्ट्या सापडल्या, सुमारे ३००, शरीराचे नखाएवढेसुद्धा नसलेले तुकडे, आणि मे २०१९ मध्ये बर्लिनमध्ये ते पुरले. नातवंडं आली होती.

पश्चिम जर्मनीत पीपल्स कोर्टाच्या एकाही न्यायाधीशाला झालेली शिक्षा टिकली नाही. फ्राइस्लर बॉम्बहल्ल्यात मेला, त्याच्या शेजारी बसणाऱ्या न्यायाधीश रेझेला १९६७ मध्ये पाच वर्षं झाली ती वरच्या कोर्टानं रद्द केली आणि १९६८ ला तो निर्दोष सुटला. ते कोर्ट म्हणजे न्यायालयच नव्हतं, दहशतीचं हत्यार होतं, हे संसदेनं १९८५ मध्ये म्हटलं आणि निकाल कायद्यानं रद्द केले १९९८ मध्ये. म्हणजे एल्फ्रीडे शिंपीण तोवर कागदावर गुन्हेगार. मी तेव्हा शाळेत होते!

हिल्डेच्या बाळाला आजी-आजोबांनी वाढवलं. हान्स कोप्पी पुढे इतिहासकार झाला, आई-वडलांच्या गटावरच त्यानं संशोधन केलं, गेस्टापोच्या फाइलींमधून काय खरं आणि काय रचलेलं ते वेगळं काढण्यात वर्षं घालवली. त्याचं एक पुस्तक लायब्ररीत रिझर्व्ह केलंय, जर्मन जड आहे म्हणतात, मंगळवारी ऑफिसवरून येताना घेऊन येणार.