पाणी ओसरल्यावरच मगर दिसते

कुंभारजुवेच्या कालव्यात मगरीचे फोटो काढायला मी पहिल्यांदा गेले ती वेळच चुकली होती. डिसेंबरची सकाळ, आठ वाजलेले, ऊन कोवळं. पण भरती भरात होती. तिवरांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या आणि काठावर वीतभरही चिखल उघडा नाही. अशात मगरीने उन्हाला यायचं कुठे? होडीवाले काका म्हणाले, "बाय, सुकती जातकच मानगें वयर सरतलें." म्हणजे ओहोटी झाली की मगर वर येईल. दोन तास फिरून फोंड्याला घरी आले. कार्डावर चारशे फोटो होते, ठेवण्याजोगा एकही नव्हता.

सफारी म्हटलं की लोकांना जीप आणि वाघ आठवतो. गोव्यातली माझी आवडती सफारी मात्र पाण्यावरची. मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या या कालव्याचं पाणी मचूळ आहे. मगर खरं तर गोड्या पाण्यातली, पण इथे ती या मचूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते. थंडीत अंग शेकायला ती काठच्या चिखलावर येते, आणि तो चिखल उघडा पडतो ओहोटीला. म्हणून होडी ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी आठला भरती असेल तर आठवड्याने त्याच सुमाराला ओहोटी मिळते. वेळापत्रक बंदराचं असतं, आत कालव्यात पाणी थोडं उशिरा उतरतं. तो हिशेब मात्र होडीवाल्यालाच विचारावा.

मी आठ दिवसांनी पुन्हा गेले. मधल्या दिवसांत ते चारशे फोटो एकेक करून मोठे करून पाहिले होते. सगळे हललेले. माझी लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपटीचा, त्यामुळे ३०० वर ती ४५० सारखी वागते. जमिनीवर उभं राहून १/५०० सेकंदाचा शटर स्पीड पुरला असता, पण होडी डुलते, इंजिन थरथरतं. या वेळी शटर १/१६०० वर ठेवला, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर, कमाल ३२०० पर्यंत. आयएसओ वाढल्याने फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो मात्र कशानेही सुधारत नाही. ट्रायपॉड होडीत नेऊच नका, तो इंजिनाची सगळी थरथर कॅमेऱ्यात आणतो. फळीवर बसून कोपरं बरगड्यांना टेकवली की हात पुरेसा स्थिर राहतो.

वळणापाशी काकांनी इंजिन बंद केलं आणि वल्हं घेतलं. मगर समोरच होती, तिवरांच्या श्वासमुळांच्या मधोमध. पाठीवरचा चिखल वाळून राखाडी झाला होता आणि त्याला बारीक तडे गेले होते. पोटाकडची बाजू अजून ओली, जवळजवळ काळी. जबडा उघडा. ते रागाचं लक्षण नव्हे, शरीर तापलं की मगर अशीच आ वासून पडून राहते. मी फोकसचा बिंदू डोळ्यावर धरला. पिवळसर डोळा, मधे उभी चिरेसारखी बाहुली. एकदा पातळ पडदा त्यावरून सरकला आणि मागे गेला. होडी बुटकी असल्याने कॅमेरा जवळजवळ तिच्या डोळ्याच्या उंचीवर आला. उंच बोटीतून तीच मगर वरून पाहिलेल्या ओंडक्यासारखी दिसली असती.

काका आणखी पुढे गेले नाहीत, आणि मीही आग्रह धरला नाही. आपल्यामुळे मगर पाण्यात घसरली तर तिचं ऊन बुडतं, आणि थंड रक्ताच्या प्राण्याला ते ऊन हवंच असतं. कुठल्याही होडीवाल्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

परतताना बगळ्याने फसवलं. गडद चिखलावरचा पांढरा बगळा टिपताना कॅमेरा चिखल पाहून फोटो उजळ करतो आणि पिसांचा नुसता पांढरा ठिपका उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एकवर नेलं तेव्हा पिसं सुटी दिसली. ओल्या चिखलावर उतरलेल्या खंड्याला एवढं उणं करावं लागत नाही. आणखी एक, रात्री कॅमेरा एसी खोलीत ठेवला असेल तर बाहेर काढल्यावर अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. घरी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने वरची बाजू पुसायची, खाऱ्या हवेचा थर राहू द्यायचा नाही.

त्या दिवशी साठच फोटो काढले, त्यातले नऊ ठेवले.

पौष अमावास्येला कालव्याकाठच्या काही गावांत खाजनातले, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांतले, शेतकरी चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मानगें थापणी म्हणतात तिला. काकांनी यायला सांगितलं आहे. तेव्हा लांब लेन्स घरी ठेवणार आणि त्यांच्या परवानगीने चिखल थापणारे हात जवळून टिपणार.