एकादशीचा शेंगदाणा

"मामा, खरं सांगा, काल रात्री काय खाल्लंत?"

त्या सकाळी हे मी तीनदा विचारलं. पहिल्या दोन वेळा मामांच्या तोंडात माउथपीस होता, त्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला होता.

मी वाशीच्या एका रुग्णालयात एंडोस्कोपी टेक्निशियन आहे. मामा म्हणजे आमचे पेशंट, एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले माथाडी. गाव जावळी तालुक्यात, बिऱ्हाड कोपरखैरण्यात, गळ्यात तुळशीची माळ. दोन वर्षांत १४ किलो वजन उतरलेलं. घास छातीत अडकायचा, भाकरीचा अडकायचा तसा पाण्याचाही. रात्री झोपेत फेसाळ लाळ उशीवर यायची, ठसका लागायचा, म्हणून तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. कुठे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, कुठे टीबीची शंका, आणि शेवटी एका डॉक्टरांनी 'टेन्शन घेता' म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. लग्नाच्या पंगतीत बसणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. घरी उभ्याने जेवायचे. दोन घास, वर तांब्याभर पाणी, मग टाचा उचलून छाती ताणायची, की खाली काहीतरी 'सुटायचं'. भाऊबंद म्हणायचे, नाटकं करतो.

आजाराचं नाव अचलेशिया. घास पोटात नुसता पडत नाही, अन्ननलिका त्याला लाटेसारखी खाली ढकलते आणि तळाची झडप त्याच वेळी सैल होते. या आजारात हे घडवणाऱ्या, नलिकेच्या भिंतीतल्या चेतापेशीच मरतात. मग लाट उठत नाही आणि झडप मिटलेली राहते. मामांना बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रे फिल्मवर वर फुगलेली नळी आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं टोक स्पष्ट दिसत होतं. नलिकेतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीनेही तेच सांगितलं. गिळण्याचा त्रास, उलटून येणं, छातीत दुखणं आणि वजन यांचे गुण मांडतात, ते बारापैकी दहा भरले.

अशा पेशंटला भूल देताना भीती एकच. नळीत साठलेलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर! म्हणून आधी तीन दिवस फक्त पातळ पदार्थ, आणि भुलीआधी घशात स्प्रे मारून स्कोपने, म्हणजे कॅमेऱ्याच्या लवचिक नळीने, अन्ननलिका रिकामी करायची. त्या सकाळी स्कोप आत गेला आणि स्क्रीनवर फेसाळ पाण्यात तरंगताना दिसले शेंगदाण्याचे तुकडे आणि साबुदाण्याचा चिकट गोळा.

आमचे डॉक्टर सर काही बोलले नाहीत. मीच बोललो. पातळ खा सांगितलं तरी हे लोक ऐकत नाहीत, वगैरे. स्कोप बाहेर काढल्यावर मामांनी माळ मुठीत धरली. "सायेब, एकादशीला खिचडी खाल्ली व्हती. त्याच्यावर पेजेबिगर तोंडात काय बी न्हाय."

सिस्टरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज पौर्णिमा आहे," ती म्हणाली.

चार दिवस. तो शेंगदाणा चार दिवस तिथेच मुक्कामाला होता. भूलतज्ज्ञ मॅडम एवढंच म्हणाल्या, "धुऊन काढा सगळं, मग मी श्वासाची ट्यूब टाकते." धुवायला पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मामांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं काम पोएमचं, म्हणजे तोंडातून स्कोप घालून झडपेचा स्नायू आतूनच कापायचं. जपानच्या योकोहामात हारुहिरो इनोउए यांनी ही पद्धत २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केली. त्याआधी फुग्याने झडप ताणायचे, नाहीतर १९१३ पासून चालत आलेली हेलर यांची, बाहेरून स्नायू कापायची शस्त्रक्रिया. आमच्या सरांना जुन्या गोष्टी सांगायची हौस आहे. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये असाच एक रोगी नोंदवला. त्याला देवमाशाच्या हाडाची काडी दिली होती, टोकाला स्पंज, आणि तो दर जेवणात घास स्वतःच खाली ढकलायचा. टाचा उचलणारे मामा काय वेगळं करत होते?

पोएममध्ये बाहेरून एकही काप नसतो. नलिकेच्या आतल्या अस्तराखाली निळं पाणी टोचून फुगवटा करायचा, तिथे छोटी चीर, आणि त्या चिरेतून स्कोप भिंतीच्या आतच शिरतो. पुढे बोगदा. निळसर कापसासारखे धागे सुटत जातात, एका बाजूला स्नायू, दुसऱ्या बाजूला अस्तर. अस्तराला भोक पडता कामा नये. झडपेपाशी बोगदा आवळतो, ती ओलांडून जठरात दोन-तीन सेंटीमीटर गेलं की एकदम मोकळं होतं. मग परत फिरून आतला गोल स्नायू धाग्याधाग्याने कापायचा. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात पटकन शोषला जातो. तरीही पोट फुगतंय का, हे सिस्टर मधून मधून हात ठेवून बघत होती. शेवटी चिरेला क्लिपा. क्लिपची मूठ माझ्या हातात असते. "ओपन... फिरव... अजून थोडं... क्लोज." त्या दिवशी सहा लागल्या. स्कोप पुन्हा नळीतून खाली नेला, तर सकाळची ती आवळलेली चोच नव्हती, सरळ पोटात उतरलो.

दुसऱ्या दिवशी गळती नाही ना, हे पाहायला एक्स-रेच्या खोलीत मामांना उभं करून एक्स-रेत दिसणारी डाय पाजली. घोट घेतला आणि सवयीने त्यांच्या टाचा वर गेल्या.

"मामा, टाचा खाली ठेवा."

स्क्रीनवर डाय केव्हाच खाली गेली होती. मामा मात्र छातीवर हात ठेवून वाट बघत उभे. "गेलं?" त्यांनी विचारलं. मग मला म्हणाले, "पानी दिसलं का जाताना?"

वॉर्डात मी माफी मागायला गेलो. काल उगाच बोललो म्हटल्यावर मामा हसले. "घरचे बी दोन वर्सं हेच बोलत व्हते, तुमी येक दिस बोलला."

घरी जायच्या दिवशी सरांनी समजावलं. पंधरा दिवस मऊ खायचं, आणि झडप आता सैल झाली आहे, जठरातलं आम्ल वर येऊ शकतं, म्हणून सकाळी गोळी घ्यायची आणि झोपताना डोकं उंचावर ठेवायचं.

मामांनी मामींकडे पाहिलं. "म्हंजी उश्या काय सुटत न्हाईत."

"तीन नको, एक बस," सर म्हणाले.