किल्ली बंद तर सगळं बंद: स्कूटरमध्ये कॉम्प्युटर बसवताना

माझ्याकडे २०१७ सालची ॲक्टिव्हा आहे. कार्ब्युरेटरची, बीएस-४. आज तिच्यात दोन छोटे कॉम्प्युटर आहेत. पुढच्या पॅनेलमागे ईएसपी-३२ आणि सीटखाली रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू. त्यांच्या जोडीला जीपीएस, कॅमेरा, हवेचा दाब मोजणारा सेन्सर, प्लगखालचं तापमान सांगणारं थर्मोकपल आणि इंजिनाचे आरपीएम मोजायची सोय. या सगळ्याने पुण्याचा एक अख्खा पावसाळा काढला आणि ते टिकलं, म्हणून आता लिहितोय. कुठला बोर्ड घ्यावा, कोड कसा लिहावा, यावर इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे. स्कूटरची वीज त्या बोर्डापर्यंत धडपणे कशी न्यायची, हा खरा प्रश्न, आणि माझा निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला.

"एवढा खटाटोप कशाला? स्क्रीनवाली घे की एखादी," असं बायको म्हणाली, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एथर ४५० ला २०१८ पासून सात इंची टचस्क्रीन आहे. त्याच वर्षी आलेल्या एनटॉर्क १२५ मध्ये ब्लूटूथने फोन जोडता येतो. पण तिथे कंपनीने जे दाखवायचं ठरवलंय तेच दिसतं. मला इंजिनाचे आरपीएम आणि गाडीचा खरा वेग एकाच आलेखावर बघायचे होते, आणि ते आकडे माझ्याकडे साठवायचे होते.

डोक्यात हे खूळ शिरलं ते स्टीव्हन रॉबर्ट्स या अमेरिकन माणसामुळे. १९८३ साली तो घरदार सोडून कॉम्प्युटर आणि सोलर पॅनेल लादलेल्या सायकलवरून देशभर फिरायला निघाला आणि वाटेत लेख लिहून पोट भरू लागला. पुढच्या सायकलीच्या हँडलवर त्याने बटणं बसवली, म्हणजे चालवता चालवता टाइप करता यावं. १९९१ ची त्याची शेवटची सायकल, बेहेमथ, ५८० पौंडांची होती, म्हणजे २६० किलोच्या वर. माझी स्कूटर एकशे नऊ-दहा किलोची. त्याच्या वर्णनांमधून मला एकच गोष्ट पक्की कळली: त्याचं निम्मं डोकं बॅटरी आणि वायरिंगमध्ये अडकलेलं असायचं.

आमच्या स्कूटरचं सर्व्हिसिंग करणारे मामा तीस वर्षं गाड्याच उघडतायत. त्यांना बेत सांगितला तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, काय लावायचं ते लावा. फक्त लाल वायरला हात लावू नका. घ्यायचं तर काळीवरनं घ्या."

होंडाच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे थेट बॅटरी, काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारे बारा व्होल्ट आणि हिरवी म्हणजे अर्थ. मामांचा मुद्दा रास्त होता. माझ्या स्कूटरची बॅटरी १२ व्होल्ट, ३ अँपिअर-अवरची, म्हणजे सगळी मिळून ३६ वॅट-अवर. माझं सगळं सामान मिळून पाच वॅटच्या आसपास खातं. लाल वायरवर ते चालू राहिलं तर कागदावर सात तासांत बॅटरी रिकामी, आणि सेल्फ मारण्याइतका जोर तर त्याच्या कितीतरी आधी संपतो. सकाळी कामावर निघताना किक मारत बसायचं.

पण फक्त काळ्या वायरवरही भागत नाही. ईएसपी-३२ ला वीज अचानक गेल्याचं काही वाटत नाही. रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय' म्हणेन) मात्र पुरा लिनक्स कॉम्प्युटर आहे. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर लिहिलं जात असताना वीज तुटली तर फाइल अर्धी राहते, आणि नशीब खराब असेल तर कार्डच पुन्हा चालू होत नाही. त्याला बंद व्हायला दहा-पंधरा सेकंद द्यावी लागतात. किल्ली काढल्यानंतरची ती पंधरा सेकंदं कुठून आणायची, यावर सगळी रचना उभी राहिली.

लिथियम सेलचा विचार मी सोडून दिला. सीटखालची डिकी इंजिनाच्या डोक्यावरच असते आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीची डिकी उघडली की चटका बसतो. त्या उष्णतेत लिथियम सेल कोंडून ठेवायला माझं मन धजलं नाही. मग शुगर क्यूब रिले घेतला, म्हणजे विजेने ओढला जाणारा छोटा चौकोनी स्विच. बॅटरीच्या टोकापासून वेगळी वायर, तिच्यावर टोकाजवळच दोन अँपिअरचा ब्लेड फ्यूज, आणि पुढे हा रिले. किल्ली फिरवली की काळ्या वायरची वीज रिलेला ओढते आणि कॉम्प्युटरला बॅटरी मिळते. पाय सुरू झाला की तो एका ट्रान्झिस्टरमार्फत तोच रिले स्वतः धरून ठेवतो. किल्ली काढली की ऑप्टोकपलर, म्हणजे वायर न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारा छोटा भाग, पायला तसं कळवतो. तो रेकॉर्डिंग थांबवतो, शिस्तीत बंद होतो आणि अगदी शेवटी रिले सोडतो. त्यानंतर बॅटरीवर काहीच लागलेलं नाही.

यात एक डायोड जीवनमरणाचा आहे. पायने धरलेली वीज उलटी काळ्या वायरमध्ये शिरली तर किल्ली काढूनही गाडीचं इग्निशन जिवंत राहील. म्हणून काळ्या वायरकडून रिलेकडे वीज जाईल, पण परत येणार नाही, अशी सोय आधी करायची आणि मग बाकीचं. रिलेच्या कॉइलवरही १एन४००७ हा एक डायोड उलटा बसवायचा, म्हणजे रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टरला लागत नाही. आणि ऑप्टोकपलर वगळायचा विचार कुणी करू नये. या दोन्ही बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना बारा व्होल्ट दाखवले की बोर्ड गेलाच.

सगळं जोडून झाल्यावर मामांच्या गॅरेजमध्येच मल्टिमीटर बॅटरीच्या वायरमध्ये सिरीजला लावला. किल्ली चालू असताना आकडा चारशे मिलिअँपिअरच्या आसपास नाचत होता. किल्ली काढली. पायचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि विझला. रिलेचा टक् असा आवाज आला आणि मीटरवर शून्य. मामांनी मीटर स्वतःच्या हातात घेतला, मायक्रोअँपिअरवर करून बघितला. तरी शून्य.

"मग लाल चालंल," ते म्हणाले.

घरातल्या चार्जरची वीज आणि स्कूटरची वीज यात फार फरक आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर चौदा-साडेचौदा व्होल्ट असतात, सेल्फ मारताना ते नऊ-दहापर्यंत खाली येतात, आणि हॉर्नची कॉइल सुटते तेव्हा क्षणभर उंच काटा उठतो. म्हणून आत येणाऱ्या वायरवर आधी १एन५८२२ शॉटकी डायोड, मागे हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि आडवा पी६केई२०ए हा टीव्हीएस डायोड. हा सतरा व्होल्टपर्यंत गप्प असतो आणि झटका आला की तो सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर जाऊ देत नाही. पुढचा एलएम२५९६, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट बोर्डाला चालतील इतके खाली आणणारा भाग, चाळीस व्होल्टपर्यंत सोसतो, म्हणजे मध्ये भरपूर जागा राहते. हा सगळा माल पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, एका फेरीत मिळतो आणि दोघा माणसांच्या साध्या जेवणापेक्षा स्वस्त पडतो. पैसे वाचवायचेच असतील तर ते स्क्रीनवर वाचवावेत, इथे नाही.

वायरिंगची बाकीची खरेदी नाना पेठेत केली, कारण तिथे गाडीच्या मूळ कपलरसारखे कपलर (वायरी जोडायचे-सोडायचे प्लॅस्टिकचे जोड) आणि त्यांच्या पिना सुट्या मिळतात. टेबलावर प्रयोग करताना वापरतो त्या जंपर वायरी गाडीत टिकत नाहीत, धक्क्यांनी निसटतात. नुसता डाग देऊन जोडलेली वायरही डागाच्या कडेला कडक होते आणि तिथेच तुटते. म्हणून गाडीच्या बाजूला सगळीकडे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, आणि बोर्डाच्या बाजूला डाग देऊन त्यापुढे इंचभरावर वायर बांधून टाकलेली. हँडलखालून जाणाऱ्या वायरींना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय टाय मारायचा नाही.

पाणी वरून येतं त्यापेक्षा पुढच्या चाकावरून जास्त येतं. त्यामुळे डब्याची सगळी भोकं खालच्या बाजूला, वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोका घेऊन वर जाणारी, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशीच गळून पडतो. डबा पूर्ण बंद केला तर दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारव्याने आतच दव धरतं. तळाला एक बारीक भोक हवंच. सिलिकॉन निवडताना नळी उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते खिडकीच्या काचेला ठीक आहे, बोर्डाला नाही, कारण त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलंच घ्यायचं. ग्लू गनचा डिंक उन्हात मऊ पडतो, त्यावर भरवसा ठेवू नये.

स्क्रीनबद्दल थोडक्यात: छोटी ओएलईडी रात्री सुरेख दिसते आणि दुपारी बाराला काहीच दिसत नाही. जुन्या नोकिया ५११० फोनची काळी-पांढरी स्क्रीन सुटी मिळते, तिच्यावर जितकं ऊन तितकी ती स्पष्ट. तीच लावली. चालवताना तिच्यावर फक्त वेग आणि व्होल्ट, बाकीचं सगळं घरी आल्यावर बघायचं. रस्त्यावर डोळे रस्त्यावरच हवेत.

आता ज्यासाठी हे केलं ते. प्लगच्या जाड वायरीभोवती साध्या वायरीचे काही वेढे दिले की प्रत्येक ठिणगीला एक स्पंद मिळतो. या इंजिनात ठिणगी फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेऱ्याला पडते, म्हणजे दोनातली एक जळलेला वायू बाहेर जाताना वाया जाते. त्यामुळे सेकंदाचे स्पंद गुणिले साठ म्हणजे सरळ आरपीएम. आयडलिंगला आकडा सतराशेच्या आसपास दिसला तेव्हा मोजणी बरोबर असल्याची खात्री पटली. वेगासाठी जीपीएस. मीटरचा काटा साठ दाखवतो तेव्हा जीपीएस पंचावन्न-छप्पन म्हणतो, आणि तसं असणं नियमाला धरूनच आहे. काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये, थोडा जास्त चालतो.

गिअर नसलेल्या स्कूटरचा आलेख बघण्यासारखा असतो. मूठ पूर्ण पिळली की आरपीएम एका पातळीला चढतात आणि तिथेच थबकतात, वेग मात्र वाढत राहतो, कारण पुढच्या पुलीत बेल्ट हळूहळू वर सरकत असतो. बेल्ट पार वर पोचला की मग पुन्हा दोन्ही एकत्र वाढतात. काही महिन्यांचे आलेख एकावर एक ठेवल्यावर दिसलं की तेवढ्याच वेगाला वरच्या टोकाचे आरपीएम हळूहळू वाढत चाललेत. चालवताना यातलं काही जाणवत नव्हतं. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो पुलीच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि गाडी जणू शेवटच्या गिअरला जातच नाही. मामांना मोबाइलवर आलेख दाखवला. त्यांनी कव्हर खोललं, बेल्टवर व्हर्निअर धरला. रुंदी मर्यादेच्या खाली गेली होती, पुढच्या पुलीतले रोलरही एका बाजूने चपटे झाले होते. दोन्ही बदलले आणि दुसऱ्या दिवशीचा आलेख पहिल्या महिन्याच्या आलेखावर जवळजवळ तंतोतंत बसला. इतका आनंद मला कुठल्याही तयार स्क्रीनने दिला नसता.

सिंहगडाचा घाट ही दुसरी आवडती तपासणी. पुणं साधारण ५६० मीटरवर, गड १३१२ वर. पायथ्याला उंची भरून दिली की हवेचा दाब मोजणारा बीएमपी२८० सेन्सर दाबावरून वळणागणिक चढ मोजतो. प्लगखालचं थर्मोकपल घाट संपता संपता सपाट रस्त्यापेक्षा तीस-चाळीस अंश वर असतं. गर्दीत खोळंबल्यावर मात्र ते वाटलं होतं तितकं चढत नाही. इंजिन थंड करणारा पंखा क्रँकवरच असल्यामुळे गाडी उभी असली तरी वारा मिळत राहतो. घाटात मूठ पूर्ण पिळलेली असते आणि वेग कमी, खरा ताप तिथे आहे. मी आता अर्ध्या वाटेवर दोन मिनिटं थांबतो, आणि इंजिन लगेच बंद न करता आयडलिंगला ठेवतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदींशी फारकत होईल असा बदल करता येत नाही. मी दिवे, हॉर्न, सायलेन्सर, इग्निशन यांतल्या कशालाच हात लावलेला नाही. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर जास्त जपून. तिथे बहुतेक वेळा फ्युएल इंजेक्शनचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, असतो, त्याच्या वायरींमधून काहीही काढून घेऊ नये. वीज बॅटरीकडून, वेग जीपीएसकडून, आणि बाकीचं बाहेरून मोजायचं. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर मी थांबायलाच सांगेन.

मामांच्या सांगण्यावरून शेवटी एक गोष्ट केली. माझं सगळं सामान एकाच सहा पिनी कपलरवर आणलं आणि त्यावर पिवळी पट्टी लावली. तो ओढला की स्कूटर कंपनीतून आली तशी. सीटच्या आतल्या बाजूला वायरिंगचा नकाशा मराठीत लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलाय. उद्या मी गावात नसताना गाडी बंद पडली, तर ती उघडणाऱ्या मेकॅनिकला फोन करून मला विचारावं लागणार नाही.