गर्भ गेल्यानंतर पुन्हा प्रयत्न केव्हा करायचे?

गर्भ गेल्यानंतर मला जे सल्ले मिळाले, त्यांतले बहुतेक थांबण्याविषयीचे होते. आईने वर्षभर थांबायला सांगितले, कारण तिच्या मते क्युरेटिंग झालेले अंग बाळंतिणीच्या अंगापेक्षाही कच्चे असते. सासूबाई सहा महिने म्हणाल्या. मोठ्या जाऊबाईंना त्यांच्या वेळी डॉक्टरांनी तीन पाळ्या होऊ द्यायला सांगितले होते, म्हणून त्यांनी मलाही तेच सांगितले. या सगळ्या जणींनी जे सांगितले ते मायेपोटीच, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु एकाच प्रश्नाला इतकी वेगवेगळी उत्तरे मिळू लागली, तेव्हा ती कशाच्या आधारावर दिली जातात हे पाहणे मला गरजेचे वाटले. त्यानंतर मी जे वाचले, माझ्या डॉक्टरांना जे विचारले आणि आम्ही दोघांनी जे ठरवले, ते येथे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचणाऱ्या प्रत्येकीने स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच आपला निर्णय घ्यावा.

आमचा गर्भ आठव्या आठवड्यात गेला. सोनोग्राफीत सॅक दिसत होती, पण ठोके आले नव्हते, आणि आठवडाभराने पुन्हा पाहिले तेव्हाही ते आले नव्हते. गोळ्यांनी सगळे बाहेर पडले नाही म्हणून क्युरेटिंग करावे लागले. याहून अधिक तपशील देण्याची मला आज गरज वाटत नाही. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना तो ठाऊक आहे.

पुन्हा प्रयत्न करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की होणे मला अत्यावश्यक वाटते, ती म्हणजे गर्भ का गेला याचे खरे कारण. दिवस गेल्याचे कळल्यानंतर दर शंभरांपैकी दहा ते वीस स्त्रियांचा गर्भ टिकत नाही, आणि त्यांतले बहुसंख्य गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच जातात. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली असते, आणि हा बिघाड बहुधा स्त्रीबीज व शुक्राणू तयार होताना किंवा फलनानंतरच्या पहिल्या काही पेशीविभाजनांतच घडून गेलेला असतो. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येण्याच्याही आधी त्या गर्भाचे भवितव्य ठरलेले असते. त्यानंतर ती स्त्री स्कूटरवरून कामावर गेली, तिने जिना चढला, लग्नाच्या जेवणात तिळाची चटणी खाल्ली किंवा पपईची एक फोड तोंडात टाकली, म्हणून तो गर्भ गेला असे होत नाही. मला हे अनेकदा स्वतःला सांगावे लागले, कारण भेटायला येणारी जवळपास प्रत्येक व्यक्ती काही ना काही कारण शोधतच होती. हे कारण नीट उमगले नाही तर पुढचा प्रयत्न म्हणजे जणू आधीच्या अपराधाचे प्रायश्चित्त होऊन बसतो, आणि त्या मनःस्थितीत कोणत्याही स्त्रीने दिवस राहण्याची वाट पाहू नये असे माझे ठाम मत आहे.

आता सहा महिन्यांविषयी. हा आकडा सासूबाईंच्या मनचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली जिनिव्हा येथे भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत, गर्भपातानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान सहा महिने जाऊ द्यावेत अशी शिफारस केली होती. तिचा मुख्य आधार लॅटिन अमेरिकेतील रुग्णालयांमधील नोंदींचा एक मोठा अभ्यास होता. त्या अभ्यासात आपोआप झालेले गर्भपात आणि करवून घेतलेले, त्यातही असुरक्षितपणे करवून घेतलेले गर्भपात, यांचा वेगळा हिशेब नव्हता. जिथे असुरक्षित गर्भपातामुळे जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे, तिथल्या स्त्रियांसाठी काढलेला निष्कर्ष आठव्या आठवड्यात आपोआप गर्भ गेलेल्या स्त्रीला जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे. स्कॉटलंडमध्ये १९८१ ते २००० या काळातल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर उलटेच आढळले. पहिला गर्भ गेल्यानंतर ज्यांना सहा महिन्यांच्या आत दिवस राहिले, त्यांचा पुढचा गर्भ जाण्याचे प्रमाण, सहा ते बारा महिन्यांनी दिवस राहिलेल्या स्त्रियांपेक्षा कमी होते. नॉर्वेतल्या नोंदींवर आधारित आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही तीन महिन्यांच्या आत राहिलेल्या गर्भाला अधिक धोका असल्याचे दिसले नाही. लवकर दिवस राहणाऱ्या स्त्रियांची प्रजननक्षमता मुळातच चांगली असू शकते, त्यामुळे घाई केल्याने फायदा होतो असा अर्थ यातून काढता येणार नाही. परंतु घाई केल्याने अपाय होतो हे म्हणणेही टिकत नाही. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला विनाकारण वर्षभर थांबायला लावणे मात्र खरोखरच अपायकारक ठरू शकते, कारण वयाबरोबर दिवस राहण्याची शक्यता घटत जाते आणि गर्भ जाण्याचे प्रमाण वाढत जाते.

काही परिस्थितींत मात्र थांबणे बंधनकारकच आहे. द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशींची द्राक्षांच्या घोसासारखी वाढ, असेल तर रक्तातील बीटा एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाची पातळी पूर्ववत होऊन डॉक्टर सांगतील तितका काळ उलटेपर्यंत दिवस राहू देऊ नयेत. गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भावर मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन दिलेले असेल तर किमान तीन महिने थांबायला सांगतात, कारण ते औषध फॉलिक ॲसिडच्या कार्यातच अडथळा आणते. रक्तस्राव फार होऊन हिमोग्लोबिन उतरले असेल, थायरॉइड किंवा साखर आटोक्यात नसेल, तर ते आधी सावरावे. बाकी सर्वसाधारण परिस्थितीत संसर्ग टाळण्यासाठी एक-दोन आठवडे संबंध टाळावेत आणि रक्तस्राव पूर्ण थांबू द्यावा, एवढेच मला सांगण्यात आले. पुढची पाळी साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत येते. ती येऊ दिली की पुढच्या गर्भाचे दिवस मोजणे सोपे जाते, एवढाच तिचा उपयोग. स्त्रीबीज मात्र गर्भ गेल्यानंतर दोन आठवड्यांतही बाहेर पडू शकते, त्यामुळे ज्यांना इतक्यात मूल नको आहे त्यांनी पाळीची वाट पाहत निर्धास्त राहू नये. शिवाय जुन्या गर्भाचे एचसीजी रक्तात काही आठवडे रेंगाळते, म्हणून तेवढ्या काळात घरच्या चाचणीवर उमटलेल्या दोन रेषा नव्या गर्भाच्याच असतील असे नाही. डॉक्टरांनी मला तीन आठवड्यांनी चाचणी करून ती निगेटिव्ह आल्याची खात्री करायला सांगितले होते. ती एक रेषा पाहताना मी फार रडले, पण ती दिसणे आवश्यक होते.

तयारीत खरोखर महत्त्वाची गोष्ट एकच आहे, आणि ती स्वस्तही आहे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज घ्यावी, कारण ज्यापासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद होते, आणि तोवर अनेकींना पाळी चुकल्याचा नीट उलगडाही झालेला नसतो. मधुमेह असल्यास किंवा आधीच्या बाळात असा दोष आढळला असल्यास मात्रा अधिक लागते, आणि ती डॉक्टरच ठरवतात. आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे गर्भ गेल्यापासून ७२ तासांच्या आत विचारून घ्यावे. एकच गर्भपात झाला असेल तर महागड्या तपासण्यांची यादी सहसा लागत नाही. टॉर्च नावाची, काही ठरावीक जंतुसंसर्ग शोधणारी रक्ततपासणी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते, परंतु वारंवार होणाऱ्या गर्भपातांच्या बाबतीतही ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने ती निरुपयोगी ठरवली आहे. दोन किंवा अधिक गर्भ गेले असतील तर मात्र अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारी), थायरॉइड आणि गर्भाशयाची रचना यांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

शरीर अशा रीतीने महिना-दोन महिन्यांत तयार होते. मनाचे वेळापत्रक वेगळे असते, आणि नवरा-बायकोची दोन मने एकाच वेळी तयार होतीलच असेही नाही. मला लगेच पुन्हा दिवस राहावेत असे वाटत होते, इतके की दुसरे काही सुचत नव्हते. नवरा तो विषय निघाला की गप्प होत असे, आणि त्या गप्पपणाचा अर्थ त्याला मूल नको आहे असा मी लावत असे. पुष्कळ दिवसांनी त्याने सांगितले की क्युरेटिंगच्या वेळी बाहेर बसून सह्या करताना त्याला माझ्या जिवाची भीती वाटली होती, आणि ती भीती अजून गेलेली नव्हती. त्याच्याकडे कोणी चौकशी केली नव्हती. सगळे त्याला माझी काळजी घे एवढेच सांगत होते. आम्ही थांबलो ते या कारणासाठी, आणि हे थांबणे मला सहा महिन्यांच्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक योग्य वाटते.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमातच, कलम ९ मध्ये, करण्यात आली. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. अनेक जणी ताप आल्याचे सांगून आजारपणाची रजा टाकतात आणि घाईने कामावर परततात. जे घडले ते कायद्याच्या लेखी रजा देण्याइतके मोठे आहे, हे मला माझ्या दुःखाची मिळालेली एक पावतीच वाटली.

आम्ही आता पुन्हा प्रयत्न सुरू केले आहेत. भीती गेलेली नाही, आणि ती जाण्याची वाट पाहायची नाही असे आम्ही ठरवले आहे. एक गर्भ गेलेल्या बहुतेक स्त्रियांचा पुढचा गर्भ टिकतो, हे वाक्य मला पाठ झाले आहे, तरी ते दर वेळी धीर देतेच असे नाही. पुढच्या वेळी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी सातव्या आठवड्याच्या आधी सोनोग्राफीला जायचे नाही, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे, अर्थात पोटात दुखले नाही किंवा रक्तस्राव झाला नाही तर. फार लवकर पाहिले तर निरोगी गर्भाचेही ठोके दिसत नाहीत. गर्भाची लांबी सात मिलिमीटरपेक्षा कमी असताना ठोके न दिसणे हे निदान मानत नाहीत आणि किमान आठवड्याने पुन्हा पाहावे लागते. तो मधला आठवडा मला पुन्हा नको आहे.

तीन महिने कोणाला काही सांगायचे नाही ही आपल्याकडची रीत आहे. तिच्यामुळे गर्भ गेला तर निदान लोकांच्या प्रश्नांपासून सुटका होते, परंतु ज्यांचा आधार हवा असतो त्यांनाही आधी आनंद सांगून मगच दुःख सांगावे लागते. म्हणून या वेळी चाचणीच्या दिवशीच माझ्या आईला आणि नणंदेला सांगायचे, आणि बाकीच्या नातेवाइकांना बारा आठवड्यांनंतर. सासूबाईंना केव्हा सांगायचे हे मी नवऱ्यावर सोपवले होते. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी, कारण गेल्या वेळी दिवस राहिल्याची आणि गर्भ गेल्याची बातमी तिला एकाच फोनवर ऐकावी लागली होती.